हवेचा वैद्य : विलिस कॅरियर

वैशाखातील दुपार होती. शाळेच्या कामासाठी एका स्नेह्यांच्या मोटारीतून आम्ही सौसरहून पांढुर्ण्यास निघालो होतो. गाडीत थंड हवेची सोय होती. पण तिला सोय म्हणावे की शिक्षा, असा प्रश्न पडावा अशी तिची अवस्था झाली होती. डावीकडच्या जाळीतून माघातल्यासारखा गार वारा येत होता, तर उजवीकडे गाडी हाकणाऱ्या स्नेह्यांच्या अंगावर भट्टीची झळ. शिवाय डॅशबोर्डाच्या आतून थांबून थांबून टकटक असा आवाज. गॅस कमी झाला आहे असे निदान करून आदल्याच आठवड्यात कोणीतरी तो भरून दिला होता आणि त्याचे पैसेही घेतले होते. दोष मात्र होता तेथेच होता.

पांढुर्ण्यास पोहोचल्यावर एका मिस्त्रीने गाडी पाहिली. त्याने प्रथम बॉनेट उघडले नाही की पाना हाती घेतला नाही. डॅशबोर्डाला कान लावून तो तापमानाची कळ थंडाकडून उष्णाकडे आणि उष्णाकडून थंडाकडे फिरवीत राहिला. मग दोन्ही जाळ्यांपुढे हात धरून त्याने आम्हांस समजावून सांगितले की, गॅस कमी असता तर हवा नुसती कोमट आली असती. ही तर इंजिनाच्या तापलेल्या पाण्यावरून आलेली उष्ण हवा आहे. म्हणजे थंडी तयार होते आहे, पण एका बाजूला उष्णतेचे दार उघडे राहिले आहे. मोटारीत थंड नळ्या आणि तापलेल्या नळ्या शेजारी शेजारी असतात. कोणत्या हवेस किती वाट द्यावयाची हे मधली एक झडप ठरविते, आणि ती झडप काड्यापेटीहून थोडी मोठी अशी एक विजेची मोटार फिरविते. मिस्त्रीने ती मोटार सोडवून आधी झडप बोटाने फिरवून पाहिली. ती मोकळी होती. मग मोटारीस वीज देऊन पाहिली. ती घरघरली, पण तिचा दांडा जागचा हलेना. उघडून पाहता आतल्या एका प्लॅस्टिकच्या चाकाचे तीन दात तुटलेले निघाले. टकटक होती ती त्यांची.

हा सारा प्रकार पाहताना आम्हांस एका अमेरिकन इंजिनियराची वारंवार आठवण होत होती. ज्या विद्येच्या जोरावर आज मोटारीत, इस्पितळात आणि गिरणीत मनाजोगती हवा निर्माण करता येते, त्या विद्येचा पाया त्यानेच घातला. आणि तोही एका चुकीच्या जागी शोधल्या जाणाऱ्या दोषाचे खरे मूळ हुडकून काढताना. त्याचे नाव विलिस हॅविलंड कॅरियर. आमच्या विद्यार्थिमित्रांना त्याचे चरित्र सांगावे असे त्याच दिवशी मनात आले.

कॅरियरचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ रोजी अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात, ईरी सरोवराजवळील अँगोला या लहानशा गावी झाला. घर शेतकऱ्याचे. आईबापांचा तो एकुलता एक मुलगा. आई एलिझाबेथ ही हाताची कुशल. घरातील बिघडलेले घड्याळ किंवा शिवणयंत्र ती स्वतः दुरुस्त करीत असे. नऊ वर्षांचा असताना विलिसला अपूर्णांक काही केल्या उमगेनात. (आमच्या पाचवी-सहावीच्या वर्गांतील कित्येकांना हे वाचून धीर येईल.) आईने त्यास तळघरातून भांडेभर सफरचंदे आणावयास सांगितली आणि ती कापून अर्धे, पाव, अष्टमांश असे भाग त्याच्यापुढे मांडले. ते भाग जोडीत आणि वजा करीत तो मुलगा अपूर्णांक शिकला. पाटीवरच्या आकड्यामागे एक खरी वस्तू असते, आणि मोठा प्रश्न लहान तुकड्यांत कापला की सुटतो, हे त्याच्या मनावर तेव्हा जे ठसले ते जन्मभर पुसले गेले नाही. तो अकरा वर्षांचा असताना ही आई वारली.

पुढील शिक्षणाची वाट बिकट होती. देशात मंदी होती आणि शेतीत पैसा नव्हता. शाळा संपल्यावर त्याने काही काळ शिक्षकाची नोकरी केली. अखेर स्पर्धापरीक्षेतून शिष्यवृत्ती मिळवून १८९७ मध्ये तो कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाला. राहण्याजेवणाचा खर्च भागविण्यासाठी त्याने लोकांच्या आवारातील गवत कापले आणि सोबत्यांबरोबर कपडे धुण्याचा धंदाही चालविला. १९०१ मध्ये इंजिनियरची पदवी घेऊन तो बफेलो शहरातील बफेलो फोर्ज नावाच्या कारखान्यात लागला. पगार आठवड्याला दहा डॉलर.

हा कारखाना मोठे पंखे आणि वाफेवर चालणारी उष्णतेची उपकरणे करीत असे. खोली तापविण्यास किती लांबीची वाफेची नळी पुरेल, याचा तेथील आडाखा निव्वळ अंदाजाचा होता. कमी पडू नये म्हणून प्रत्येक जण वर थोडी भर टाकी. या तरुणास ते पटेना. नळीवरून किती वेगाने हवा गेली असता ती किती तापते, याची मोजमापे घेऊन त्याने कोष्टकेच तयार केली. कारखान्याचा त्यामुळे इतका पैसा वाचला की मालकांनी त्यास संशोधनासाठी प्रयोगशाळा काढून दिली.

१९०२ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील सॅकेट अँड विल्हेल्म्स या छापखान्याची तक्रार त्याच्यापुढे आली. तेथे रंगीत चित्रे छापली जात. एकच कागद यंत्रातून अनेकदा जाई आणि दर खेपेस एकेक रंग त्यावर चढे. पण दमट दिवसांत दुसरा रंग पहिल्यावर नेमका बसेना. चित्रातील ओठांचा तांबडा रंग गालावर यावा, असा प्रकार होऊ लागला. कागद वाया गेला, वायदे चुकले. असे झाले म्हणजे कोणीही यंत्राकडेच बोट दाखविणार. यंत्राचे खिळे आवळावेत, छापणाऱ्यास दरडावावे, शाई बदलावी, हेच उपाय सुचणार. परंतु दोष यंत्रात नव्हता आणि माणसांतही नव्हता. दोष हवेत होता.

आपल्याकडे आषाढ लागला की शाळेच्या खोल्यांची लाकडी दारे फुगतात आणि लागेनाशी होतात; चैत्रात तीच दारे सुकून त्यांच्या फटीतून वारा शिरतो. कागदाचे तसेच आहे. दमट हवेत तो ओलावा शोषून वाढतो, कोरड्या हवेत आकसतो. पहिला रंग कोरड्या सकाळी आणि दुसरा दमट दुपारी छापला, तर मधल्या काळात कागद केसभर वाढलेला असतो. आणि चित्र बिघडण्यास केसभर पुरेसे होते. म्हणजे छापखान्याला हवा होता तो नुसता गारवा नव्हे, तर वर्षभर एकाच प्रमाणात ओलावा असलेली हवा. हवा थंड करण्याचे उपाय त्या काळी ठाऊक होते. तिच्यातील ओलावा हवा तितकाच ठेवण्याचा भरवशाचा उपाय मात्र कोणाजवळ नव्हता.

कॅरियरचा पहिला प्रयोग फसला. मिठासारखा ओलावा शोषणारा एक क्षार घेऊन, त्याच्या द्रावात भिजविलेल्या जाड्याभरड्या कापडातून त्याने हवा ओढून पाहिली. हवा कोरडी झाली, पण तिच्याबरोबर क्षारही येऊ लागला. असली हवा यंत्रास आणि कागदास सारखीच घातक. तो उपाय सोडून त्याने आपल्या जुन्या कोष्टकांकडे पाहिले. ज्या नळ्यांतून वाफ सोडून हवा तापविता येते, त्यांतून थंड पाणी सोडले तर? आपण थंड पाण्याने भरलेला तांब्या पावसाळ्यात ओट्यावर ठेवला की त्याच्या अंगावर पाण्याचे थेंब जमतात. हवेतील ओलावाच तेथे येऊन बसतो. कॅरियरने हवामानखात्याची कोष्टके समोर ठेवून, नळ्या किती थंड ठेवाव्यात आणि हवा किती वेगाने सोडावी म्हणजे नेमका हवा तितकाच ओलावा गळून पडेल, याचे गणित मांडले. १७ जुलै १९०२ ही त्या आराखड्याची तारीख. छापखान्यातील आर्द्रता बारमाही ५५ टक्के राखावयाची असे ठरले. त्या नळ्यांची शीतलता दिवसाकाठी सुमारे ४९ टन बर्फ वितळविल्याइतकी होती.

त्याच वर्षीच्या अखेरीस एका थंड संध्याकाळी तो पिट्सबर्ग स्थानकाच्या फलाटावर गाडीची वाट पाहत होता. सर्वत्र धुके दाटले होते. त्या धुक्याकडे पाहता पाहता त्यास एक विलक्षण गोष्ट सुचली. धुके म्हणजे ओलाव्याने काठोकाठ भरलेली हवा. तरीही ती थंड असल्यामुळे तिच्यातील एकूण पाणी थोडेच असते. मग हवेतून बारीक तुषारांचा फवारा सोडून असे धुके मुद्दाम तयार करावे आणि त्या पाण्याची उष्णता आपल्या ताब्यात ठेवावी, म्हणजे हवेत किती पाणी उरावे हेही आपल्याच ताब्यात येईल. पाणी शिंपडून हवा कोरडी करावयाची! ऐकणाऱ्यास हा वेडेपणा वाटावा. पण फवाऱ्याचे पाणी पुरेसे थंड असले म्हणजे तसे घडते. या यंत्राचा एकाधिकार त्यास २ जानेवारी १९०६ रोजी मिळाला.

यापुढची हकीकत आपल्या कापसाच्या मुलखास अधिक जवळची आहे. सूत कातताना हवा कोरडी असली की धागा तटातट तुटतो. ओलसर हवेत तो चिवट राहतो. आपल्या शेजारच्या नागपुरात जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली, ती विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्याच्या मुलखात; तेथेही हवेस ओलावा देणारी उपकरणे पुढे बसवावी लागली. (ती गिरणी आता बंद पडली आहे.) अमेरिकेच्या दक्षिण भागातील गिरण्यांचीही हीच अडचण होती. १९०६ मध्ये कॅरियरने बेलमाँट येथील क्रॉनिकल कापडगिरणीत आपले यंत्र बसविले. तेथे त्याच्या ध्यानात आले की सहस्रावधी चात्या फिरतात, त्यांच्या घर्षणाचीच उष्णता इतकी होते की ती हिशेबात धरल्यावाचून गत्यंतर नाही. दोषाच्या शोधात निघालेल्या माणसास असे नवे धागे वाटेत सापडत जातात. त्याच वर्षी स्टुअर्ट क्रेमर या गिरणीतज्ज्ञाने या विद्येला जे इंग्रजी नाव दिले, त्यावरूनच आपण तिला वातानुकूलन म्हणतो. पुढच्याच वर्षी जपानातील योकोहामाच्या एका रेशीमगिरणीकडून मागणी आली.

१९११ मध्ये अमेरिकेतील यंत्रविशारदांच्या संस्थेपुढे कॅरियरने हवेची उष्णता आणि आर्द्रता यांचा संबंध सांगणारी आपली सूत्रे मांडली. त्यांवरून काढलेला आलेख आजही या विषयाच्या विद्यार्थ्यास प्रथम शिकवितात. आमच्या मते त्याचे खरे मोठेपण यंत्रापेक्षा या आलेखातच आहे. यंत्रे जुनी होऊन मोडीत जातात.

त्याच्या हातूनही चुका झाल्या, आणि त्यांतली एक सांगण्याजोगी आहे. तरुणपणी मिसुरी राज्यातील क्रिस्टल सिटी येथील काचकारखान्यात जळाऊ वायू शुद्ध करण्याचे उपकरण बसविण्याचे काम त्याच्याकडे आले. ते चालले, पण कबूल केल्याप्रमाणे चालेना. अपयशाने त्याचे पोट बिघडले, झोप उडाली. अखेरीस त्याने आपल्या मनाला एक सरळ प्रश्न विचारला, की यातून वाईटात वाईट काय होईल? तुरुंगात तर कोणी टाकणार नाही. फार तर नोकरी जाईल आणि मालकांना २०,००० डॉलरची खोट येईल. ती खोट मनोमन पत्करताच त्याचे डोके निवळले आणि तो पुन्हा मोजमापे घेऊ लागला. आणखी ५,००० डॉलरचे साहित्य जोडले तर उपकरण नीट चालेल, असे त्यात निष्पन्न झाले. तसे केले, आणि वीस हजारांची हानी टळून कारखान्यास पंधरा हजारांचा लाभ झाला. परीक्षेच्या आदल्या रात्री ज्यांना झोप येत नाही, त्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा बफेलो फोर्जने नवे संशोधन आवरते घेऊन केवळ उत्पादनाकडे वळण्याचे ठरविले. कॅरियर आणि त्याचा मित्र आयर्विन लाइल यांना हे मानवले नाही. १९१५ मध्ये सात इंजिनियरांनी मिळून ३२,६०० डॉलर उभे केले आणि कॅरियरच्या नावाची कंपनी काढली. १९२२ मध्ये त्याने शीतकरणाचे नव्या धर्तीचे यंत्र लोकांपुढे आणले. ते पूर्वीच्या यंत्रांहून लहान आणि निर्धोक होते. यापूर्वी गारवा कागद, सूत, तंबाखू अशा मालासाठी केला जाई. तो माणसांसाठी केला जाऊ लागला तो या यंत्रामुळे.

१९२५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रपटगृहात घडलेला प्रसंग मोठा गमतीचा आहे. त्या काळी उन्हाळ्यात चित्रपटगृहे ओस पडत. रिव्होलीने कॅरियरचे यंत्र घेतले आणि थंडगार हवेची जाहिरात केली. लोकांची रीघ लागली. पण खात्री कोणाची नसल्यामुळे बहुतेकांनी हाती पंखे आणले होते. त्या दिवशी यंत्र सुरू होण्यास उशीर झाला, प्रेक्षागृह भरले आणि सुमारे दोन हजार पंखे एकदम हलू लागले. पॅरामाउंट कंपनीचे प्रमुख ॲडॉल्फ झुकर वरच्या सज्जात बसले होते. कॅरियर मागे उभा राहून ते हलणारे पंखे पाहत होता; त्याची त्या वेळची मनःस्थिती काय असेल ती वाचकांनीच कल्पावी. तापलेल्या माणसांनी गच्च भरलेले घर गार व्हावयास वेळ लागतो. हळूहळू एकेक पंखा मांडीवर आला. मग ओळीच्या ओळी थांबल्या. शेवटी केवळ सवयीने वारा घेणारे काही जण उरले, आणि तेही थांबले. झुकर खाली आले ते आता लोकांना हे आवडणार असा निर्वाळा देतच. आपल्याकडे मुंबईचे रीगल चित्रपटगृह १९३३ मध्ये उघडले तेव्हा तेथेही थंड हवेची व्यवस्था होती.

मोटारगाडीत ही सोय पहिल्याने आणली ती कॅरियरने नव्हे, तर पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने. १९३९ च्या अखेरीस तिने आपली १९४० ची नवी गाडी प्रदर्शनात मांडली. पण त्या व्यवस्थेत तापमानावर ताबा ठेवणारे काहीच नव्हते. गारवा नको झाला की गाडी थांबवावी, इंजिन बंद करावे, बॉनेट उघडावे आणि यंत्राचा पट्टा काढून ठेवावा! कॅरियरने १९०२ मध्येच ओळखले होते की गारवा निर्माण करणे हे अर्धेच काम. त्यावर ताबा ठेवणे हे उरलेले अर्धे. मोटारींना हे पुरते साधावयास आणखी पंचवीस वर्षे लागली. १९६४ च्या कॅडिलॅक गाडीत चालकाने तापमान ठरवून द्यावे आणि यंत्रणेने ते आपणहून राखावे अशी योजना आली. आजच्या गाडीतील संवेदक, झडपा आणि त्या फिरविणाऱ्या लहान मोटारी हे तिचेच वंशज होत.

दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या चाचणीसाठी क्लीव्हलंड येथे एक प्रचंड वायुबोगदा उभारला गेला. उंच आकाशातील गोठविणारी थंडी त्यात जमिनीवर निर्माण करावयाची होती; ते शीतकरण कॅरियरच्या कंपनीकडे आले, आणि त्याने ते आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम मानले. १९४८ मध्ये प्रकृतीमुळे तो निवृत्त झाला. ७ ऑक्टोबर १९५० रोजी न्यूयॉर्क येथे त्याचे निधन झाले.

त्याच्या विद्येने सुखाबरोबर उपद्रवही आणला, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. शीतकरणासाठी पुढे जे वायू सर्रास वापरात आले, त्यांनी पृथ्वीभोवतीच्या ओझोनच्या थरास इजा केली. त्यांचा वापर थांबविण्यासाठी १९८७ मध्ये माँट्रियल येथे राष्ट्रांना करार करावा लागला. म्हणून गाडीतला गॅस गरज नसता भरणे किंवा हवेत सोडून देणे हा नुसता पैशाचा प्रश्न नाही.

आमच्या स्नेह्यांच्या गाडीत मिस्त्रीने नवी मोटार बसविली आणि किल्ली फिरवून आम्हांस दोन मिनिटे गप्प बसावयास सांगितले. त्या अवधीत मोटारीने झडप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून आपल्या चालीच्या सीमा ओळखून घेतल्या. टकटक थांबली, आणि दोन्ही जाळ्यांतून सारखा वारा आला. तुटक्या दातांचे ते चाक आम्ही मागून घेतले आहे. शाळेच्या विज्ञानकक्षात, दारालगतच्या कपाटात, काचेच्या बशीत ते ठेवले आहे. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी मधल्या सुट्टीत यावे.